विसाव्याचे शास्त्र



रात्रीचे अकरा वाजले आहेत. डोंबिवलीतील एखाद्या घरात दिवसभराची धावपळ आटोपून कर्ता पुरुष अंथरुणाला पाठ टेकतो. सकाळच्या गाडीत दाराशी उभे राहून केलेला प्रवास, कचेरीतील वरिष्ठांचे टाकून बोलणे, परतीची गर्दी, हे सारे आता मागे पडलेले आहे. दार लावलेले आहे, दिवा मालवलेला आहे, मुले झोपली आहेत. धोका म्हणावा असा कोठेही नाही. तरीही छातीतील धडधड थांबत नाही. जबडा आवळलेला, खांदे वर ओढलेले आणि डोळे टक्क उघडे. शेजारी गृहिणीही जागीच असते. उद्याचा डबा, सासूबाईंच्या तपासण्या, मुलाची दहावी यांची उजळणी तिच्या मनात चाललेली असते. देह घरी आला खरा, पण घरी आल्याची वार्ता त्या देहाला कोणी दिलेलीच नसते.

अशी एखादी रात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि जाते. परंतु महिनोन् महिने रोजची रात्र अशीच जाऊ लागली, की तिची किंमत शरीराला मोजावी लागते. रक्तदाब, आम्लपित्त, निद्रानाश, मानदुखी, चिडचिड या तक्रारी निरनिराळ्या वाटल्या तरी पुष्कळदा त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आढळते. मज्जासंस्थेला विसावा मिळालेला नसतो. हा विसावा म्हणजे काय, तो कसा हरवतो आणि तो परत मिळवण्याचा कोणता मार्ग माणसाच्या हाती आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहाऱ्यावरचे शरीर

ताण हा मुळात शत्रू नव्हे. अंधाऱ्या पायवाटेवर साप दिसला की माणूस विचार करण्यापूर्वीच मागे उडी घेतो. त्या एका क्षणात हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास उथळ व जलद होतो, यकृतातील साठवलेली साखर रक्तात उतरते, पचनाचे काम मंदावते आणि रक्ताचा ओघ हातापायांच्या स्नायूंकडे वळतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भय व क्रोध यांच्या प्रसंगी शरीरात होणाऱ्या बदलांचे विवेचन केले. लढणे अथवा पळणे, या दोहोंसाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. ती नसती तर मानववंश टिकलाच नसता.

अडचण येते ती ही सिद्धता उतरत नाही तेव्हा. साप निघून जातो, पण कर्जाचा हप्ता निघून जात नाही. वरिष्ठांचा अपमानकारक शब्द कानावर पडतो तेव्हा लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. शरीर मात्र सापाच्या वेळी करते तीच तयारी करून बसते. स्नायूंसाठी रक्तात उतरलेली साखर वापरली जात नाही आणि वाढलेला रक्तदाब खाली येण्यास वाव मिळत नाही.

कॅनडातील माँट्रियल येथे संशोधन करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. निरनिराळ्या प्रकारचे आघात सोसलेल्या उंदरांच्या शरीरात त्यांना तीन गोष्टी सारख्याच आढळल्या होत्या. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या होत्या, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसल्या होत्या आणि जठरात व्रण पडले होते. आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा होता. हा प्रतिसाद प्रथम धोक्याची घंटा, मग प्रतिकार आणि शेवटी शक्तिपात अशा तीन पायऱ्यांनी जातो, असे सेल्ये यांनी मांडले.

गडावरील पहारेकऱ्याचा दृष्टांत येथे लागू पडतो. शत्रूची चाहूल लागताच त्याने सर्वांना जागे करावे, हे त्याचे कर्तव्यच होय. परंतु शत्रू परतल्यावरही नगारा वाजतच राहिला, तर गडावरील माणसे लढाईवाचूनच थकून जातील. दीर्घकालीन तणाव म्हणजे न थांबणारा नगारा.

दोन वाहक

शरीरातील ज्या व्यापारांवर इच्छेची सत्ता चालत नाही, त्यांचा कारभार स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिच्या दोन प्रमुख शाखा आहेत. अनुकंपी शाखा शरीराला उठवते, सज्ज करते. परानुकंपी शाखा शरीराला शांतवते, अन्न पचवते, झीज भरून काढते. दोन्ही शाखा सदैव काम करीत असतात आणि प्रसंगानुसार एकीचा जोर वाढून दुसरीचा कमी होतो. आरोग्य म्हणजे या दोघींमधील लवचीकपणा.

परानुकंपी शाखेचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे मेंदूच्या तळातून निघणारा दहावा मज्जातंतू, ‘व्हेगस’. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’ असा आहे. मानेतून खाली उतरून हृदय, फुप्फुसे, जठर आणि आतड्यांपर्यंत तो खरोखरीच भटकतो. त्याच्यातील बहुसंख्य तंतू अवयवांची खबर मेंदूकडे नेणारे आहेत. म्हणजे मेंदू शरीराला आज्ञा देतो तसाच तो शरीराचे ऐकतही असतो. या विषयातील हा मर्माचा मुद्दा आहे, कारण मन शांत झाले की शरीर शांत होते याबरोबरच, शरीर शांत झाले की मनालाही शांत व्हावे लागते.

व्हेगस हृदयाला आवर कसा घालतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवले. एका हृदयाचा व्हेगस त्यांनी उत्तेजित केला, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच त्याचेही ठोके मंदावले. मज्जातंतूच्या टोकाशी काही रसायन पाझरते आणि तेच हे काम करते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे १९३६ साली सर हेन्री डेल यांच्यासह लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हाताशी असलेले दार

आता प्रश्न असा, की इच्छेच्या कक्षेबाहेरील या यंत्रणेपर्यंत माणसाने पोहोचावे कसे? ‘हृदया, सावकाश चाल’ असे म्हटल्याने हृदय ऐकत नाही. जठराला, ग्रंथींना, रक्तवाहिन्यांना हुकूम सोडता येत नाही. मात्र यात एक अपवाद आहे. झोपेत आपोआप चालणारा श्वास जागेपणी मनुष्य हवा तसा लांबवू शकतो. स्वायत्त आणि ऐच्छिक या दोन प्रांतांच्या सीमेवरचे हे दार दोन्ही बाजूंनी उघडते.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंद होतात. मनगटावर बोटे ठेवून हा अनुभव पुष्कळांना घेता येतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगसचा अंमल वाढतो, हे त्याचे प्रमुख कारण. म्हणूनच उच्छ्वास लांबवला की प्रत्येक श्वासागणिक शांततेच्या शाखेला थोडा अधिक वेळ मिळतो. शिवाय मानेतील व हृदयाजवळील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत रक्तदाब मोजणारी संवेदनकेंद्रे आहेत. श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली, म्हणजे एक श्वासोच्छ्वास दहा सेकंदांचा झाला, की श्वास, हृदयगती आणि रक्तदाब यांच्या लाटा एकमेकींशी जुळतात आणि ही केंद्रे अधिक संवेदनक्षम होतात. विश्रांतीच्या स्थितीतही प्रौढ माणूस सामान्यतः मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या मंदगतीचे महत्त्व कळते.

इटलीतील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मनोज्ञ निरीक्षण नोंदवले. २३ निरोगी व्यक्तींना त्यांनी एकदा लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला. पंथ कोणताही असो, शतकानुशतके जप करणाऱ्यांना ही लय सापडलेली होती. संध्याकाळी देवापुढे बसून संथ लयीत स्तोत्र म्हणणाऱ्या आजीने शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते, पण तिच्या श्वासाला ही लय ठाऊक होती.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

श्वास आणि चित्त यांचा परस्परसंबंध हठयोगाच्या परंपरेने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिके’त प्राण चंचल असेल तर चित्तही चंचल राहते, असा सिद्धांत आहे; आणि शवासनाचे फल सांगताना थकवा जाणे व चित्ताला विश्रांती मिळणे, या दोनच गोष्टींचा निर्देश आहे. परंतु पूर्वजांनी सांगितले म्हणून डोळे मिटून स्वीकारावे, किंवा पूर्वजांनी सांगितले म्हणून डोळे मिटून टाकून द्यावे, या दोन्ही टोकांपासून दूर राहणारा एक महाराष्ट्रीय पुरुष विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले, नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतली आणि अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले, दाब मोजले, रक्तदाबाच्या नोंदी घेतल्या. १९२७ साली रक्तदाब वाढून आजारी पडलेल्या गांधीजींनीही आसनांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. स्वामीजींची भूमिका स्वच्छ होती. योग जर सत्य असेल तर त्याला मोजपट्टीचे भय असण्याचे कारण नाही.

या भूमिकेला पुढे फळ आले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील सुप्रसिद्ध हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्यांचा निबंध १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या संशोधकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकर हेही होते. अनेक रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि पुष्कळांच्या औषधांची मात्रा कमी करता आली. काहींना मात्र उपयोग झाला नाही आणि निबंधात तेही प्रांजळपणे नमूद केले आहे.

या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्यातील उणीव. ती भरून काढण्याचे काम इंग्लंडमध्ये क्रॉयडन येथे वैद्यकी करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी केले. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४ रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट पाडण्यात आले. एका गटाला योगातील शिथिलीकरण यंत्राच्या साहाय्याने शिकवले गेले आणि दुसऱ्या गटाला नुसतीच विश्रांती देण्यात आली. पहिल्या गटाचा रक्तदाब स्पष्टपणे अधिक उतरला. त्यानंतर दुसऱ्या गटालाही तेच शिक्षण देण्यात आले, तेव्हा त्यांचाही रक्तदाब खाली आला. नुसते पडून राहणे आणि शिकून विसावणे यांत अंतर आहे, हे त्यातून दिसले.

अभिमानासोबत कसोटी

२१ जून २०१५ पासून जगभर आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो आणि त्याचा आनंद प्रत्येक भारतीयाला होणे स्वाभाविक आहे. परंतु जी गोष्ट अभिमानाची, तिच्या बाबतीत जबाबदारीही अधिक. योगाच्या नावावर बेजबाबदार आश्वासने दिली गेली तर नुकसान आधी रुग्णाचे आणि मागाहून योगाचे होते.

पहिली गोष्ट, सर्व प्राणायाम शांत करणारे नाहीत. कपालभाती व भस्त्रिका या जोरकस, वेगवान क्रिया शरीराला उत्तेजित करतात. त्यांचे स्थान निराळे. रक्तदाब, हृद्रोग, हर्निया, काचबिंदू, अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी दूरचित्रवाणीवर पाहून त्या करू नयेत. वेगाने श्वास घेत राहिल्यास रक्तातील कर्बवायूचे प्रमाण प्रमाणाबाहेर घटते, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. कित्येक जण त्यालाच ‘शक्तीचा संचार’ समजतात. तो संचार नव्हे, शरीराची तक्रार होय.

दुसरी गोष्ट, दीर्घ श्वसनाने रक्तात भरमसाट प्राणवायू जातो, ही समजूत चुकीची आहे. निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त एरवीही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. मंद श्वसनाचा लाभ मज्जासंस्थेच्या द्वारे होतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे औषधे. चार दिवस बरे वाटले म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करणारे लोक प्रत्येक गावात सापडतात. उच्च रक्तदाब पुष्कळदा कोणतेही लक्षण दाखवीत नाही, म्हणून बरे वाटणे हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. पक्षाघाताच्या एका झटक्याने उभे घर कोसळते. डॉ. दाते यांच्या रुग्णांची औषधे कमी झाली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दाब मोजून. तसेच ज्याच्या मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येतात, त्याने केवळ श्वसनावर विसंबून न राहता विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आणि घरच्यांनी त्याला सोबत करावी. त्यात कमीपणा कसलाही नाही.

प्रत्यक्ष साधना

या साधनेला साहित्य लागत नाही, पैसाही लागत नाही. जमिनीवर सतरंजी अंथरून उताणे पडावे. दोन्ही पायांत थोडे अंतर असावे, हात शरीरापासून किंचित दूर, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्यावी. पायाच्या बोटांपासून आरंभ करून पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती, हात, खांदे, मान, जबडा आणि कपाळ अशा क्रमाने लक्ष न्यावे आणि तेथील ताठरपणा सोडून द्यावा. जबडा आणि खांदे यांकडे विशेष ध्यान द्यावे, कारण दिवसभराचा राग तेथेच साठून राहतो.

त्यानंतर नाकाने मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा. पोट हलकेच वर यावे. मग सहा अंक मोजत, जोर न लावता, तो सोडावा. श्वास रोखून धरू नये. चार-सहा जमत नसेल तर तीन-चारपासून सुरुवात करावी, गुदमरल्यासारखे वाटता कामा नये. नाकपुडीशी आत येणारी हवा थंड आणि बाहेर जाणारी उबदार लागते, त्या स्पर्शावर लक्ष ठेवावे. मन भटकेल. भटकल्याचे ध्यानात येताच त्याला न रागावता परत आणावे. डोळे मिटल्याने ज्यांची भीती वाढते, त्यांनी डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसावे किंवा संथ पावलांनी चालावे.

सकाळी दहा मिनिटे आणि रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे एवढे आरंभी पुरे. पहिल्याच दिवशी चमत्काराची अपेक्षा करू नये. व्यायामाने स्नायू एका दिवसात वाढत नाहीत, तद्वत मज्जासंस्थेलाही नवी सवय लागण्यास आठवडे लागतात. गाडीत उभे राहूनही लांब उच्छ्वासाची दहा आवर्तने करता येतात आणि रागाचा शब्द ओठांवर येण्यापूर्वी एक दीर्घ उच्छ्वास तर कोठेही करता येतो.

घराचा वाटा

एवढे सांगून झाल्यावरही एक प्रश्न उरतो. पेरणी वाया गेलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला श्वास मोजावयास सांगणे पुरेसे आहे काय? मुळीच नाही. उच्छ्वास लांबवल्याने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही. ताणाची जी कारणे समाजाने निर्माण केली, ती समाजानेच दूर केली पाहिजेत. व्यक्तीच्या श्वासावर ती ढकलून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. विसावलेल्या मज्जासंस्थेचे कार्य एवढेच, की संकटात बुद्धी शाबूत राहते, आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याला मदत मागण्याची वाटही दिसते.

घरालाही वाटा उचलावा लागतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांच्या युक्त प्रमाणाला योगाचा पाया मानले आहे. मध्यरात्रीपर्यंत भ्रमणध्वनीचा पडदा डोळ्यांपुढे धरून सकाळी प्राणायाम करणे, म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे होय. आणि घरातील गृहिणीचा विचार तर अगत्याने व्हावा. सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या नंतर निजणाऱ्या माउलीला ‘तू योग कर’ असा उपदेश करून भागत नाही. संध्याकाळची दहा मिनिटे तिला कोणी हाक मारणार नाही, अशी व्यवस्था पतीने आणि मुलांनी केली पाहिजे. ओट्यावरची भांडी त्या वेळी दुसऱ्या कोणी घासली, तर तोही घरच्या योगसाधनेचाच भाग ठरेल.

आळस निराळा आणि विसावा निराळा. आळशी माणूस काम टाळतो, तर विसावलेला माणूस कामाला परत येतो. धनुष्याची दोरी सदैव ताणलेली ठेवली तर तिचा ताणच नाहीसा होतो, म्हणून जाणता धनुर्धर काम झाल्यावर ती उतरवून ठेवतो. आज रात्री अकरा वाजता ज्या घरात दिवा मालवेल, तेथे अंथरुणावर पडल्या पडल्या सहा अंकांचा एक शांत उच्छ्वास सोडला जावा. त्या एका उच्छ्वासाने जग बदलणार नाही. परंतु घरी पोहोचल्याची वार्ता त्या थकलेल्या देहाला मिळेल, आणि पहाऱ्यावरचा नगारा क्षणभर तरी थांबेल.